दवाई उलटली नाही, पण काढाही देऊ नका

भाऊ, मावशीचा कुष्ठरोगावरच्या औषधांचा, म्हणजे एमडीटीचा, १२ महिन्यांचा कोर्स संपून दोन महिने झाले, आता जुने चट्टे लाल होऊन फुगले, कोपर ठणकतं, शेजारी म्हणतात ‘दवाई उलटली’. प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलीचा काढा द्यावा का, हा तुमचा प्रश्न.

काढा राहू द्या. मावशीला तळहात वर ठेवून करंगळी बाकीच्या बोटांपासून दूर ताणायला सांगा आणि तुमच्या बोटानं ती आत ढकला. दुसऱ्या हातापेक्षा लवकर हार मानली, तर उद्याच कुष्ठरोगाचे डॉक्टर गाठा. नाही मानली तरी याच आठवड्यात जा.

एमडीटीनं जंतू मरतात, पण त्यांचे तुकडे कातडीत नि नसांत बरीच वर्षं पडून राहतात. टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, त्यांच्यावर एकदम उठल्या की इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप सोडतात. तो मिळाला की जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी पेटतात, टीएनएफ नावाचा सूज आणणारा निरोप सोडतात आणि सूज चढते. कातडीवरची सूज उतरून जाते. कोपराची नस मात्र हाडाच्या खोबणीत, घट्ट आवरणाखाली. तिला फुगायला जागाच नसते. या अचानक उठलेल्या सुजेला रिअॅक्शन म्हणतात. म्हणजे मावशीची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती बेलगाम झाली आहे. वाढवायची कशाला?

लगाम शरीरातच असतो. २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याच शोधाला मिळालं. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली इतर टी पेशींना आवरणाऱ्या वेगळ्या पेशी दाखवल्या. मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २००१ साली खवल्यांसारखी कातडी होऊन काही आठवड्यांत मरणाऱ्या उंदरांत फॉक्सपी३ हे जनुक बिघडलेलं सापडलं. पुढे कळलं की आवरणाऱ्या पेशी घडतात त्या याच जनुकावर. त्यांची एक युक्ती मला फार आवडते: ‘वाढा’ सांगणारा आयएल-२ हा निरोप त्या आधीच शोषून घेतात. पाटाचं पाणी वरच्या वावरवाल्यानं ओढलं की खालच्याचं पऱ्हाटं जसं सुकतं, तसं.

आज मावशीसाठी हाताशी आहे ते प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या. ते पेशीत शिरून सूज आणणाऱ्या निरोपांची जनुकंच दाबतं. डॉक्टर आधी साखर तपासतील, मग डोस कित्येक आठवड्यांत हळूहळू उतरवतील. आठ दिवसांत बरं वाटतं आणि घरचे गोळ्या थांबवतात. तिथंच घोळ होतो.

यवतमाळकडच्या एका गावात असाच एक माणूस भेटला होता. कापूस वेचताना बोंडांची वाळलेली टोकं बोटांत घुसायची, त्याला पत्ताच नाही. ओटीतल्या कापसावर लाल ठिपके बायकोनं पाहिले. ‘मले तं काही समजतच नाही,’ म्हणाला. तोवर आठ महिने दुखण्याची इंजेक्शनं घेत बसला होता, दोन बोटं वाकलेली. नस बंद पडल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले तर ताकद परतायची बरीच आशा असते.

करंगळीचं काय दिसलं ते कळवा. आणि मावशीला म्हणावं, चुलीवरचं भांडं तोवर फडक्यानंच उतरव.