अँटच्या बिल्ड-फाइलमधील बाहेरची टास्क दुसऱ्या संगणकावर का सापडत नाही?

लातूरला आपल्या संगणकावर चालणारी, अँट या जावा प्रकल्प बांधणाऱ्या साधनाची बिल्ड-फाइल (बांधणीच्या पायऱ्या लिहिलेली फाइल) नांदेडच्या सहकाऱ्याकडे ‘अँट-कॉन्ट्रिब’ या जादा टास्क (बिल्ड-फाइलमधून करून घ्यायची कामे) पुरवणाऱ्या संचातील टास्क सापडत नाही म्हणून थांबते, याचे कारण बहुधा असे की, आपल्याकडे त्या संचाची जार (जावाचा कोड एकत्र बांधलेली फाइल) अँटच्याच लिब फोल्डरमध्ये आहे, जे अँट आपोआप वाचते, परंतु प्रकल्पासोबत ते जात नाही. जार प्रकल्पातच ठेवून टास्कडेफच्या (बाहेरची टास्क अँटला ओळखवून देणाऱ्या सूचनेच्या) क्लासपाथमध्ये, म्हणजे कोड कुठे शोधायचा ते सांगणाऱ्या जागी, तोच मार्ग द्यावा. आयव्हीने (लागणाऱ्या जार आपोआप उतरवणाऱ्या साधनाने) जार उतरवून घेणार असाल, तर मात्र टास्कडेफ सर्वांत वर न लिहिता, जार उतरवणाऱ्या टार्गेटवर (टास्कच्या नाव दिलेल्या गटावर) अवलंबून असलेल्या टार्गेटच्या आत लिहावे, कारण वरचे टास्कडेफ कोणतेही टार्गेट सुरू होण्याआधीच चालते. एवढ्या लहान जारसाठी आयव्हीचा खटाटोप मला तरी अनाठायी वाटतो.