सी++ मध्ये स्वतःचा रेंज ॲडाप्टर लिहायचाय, पाइप लावला की दोन पानं एरर येते. सुरुवात कुठून करू?

तुम्ही म्हणताय की दर चौथा एलिमेंट देणारा ॲडाप्टर (म्हणजे यादीतले एलिमेंट निवडून किंवा बदलून पुढे देणारा तुकडा) लिहिलाय, साध्या फॉर लूपमध्ये चालतो पण पुढे पाइप (| हे चिन्ह) टाकून ट्रान्सफॉर्म (प्रत्येक एलिमेंट बदलून देणारा तयार ॲडाप्टर) लावला की कंपायलर दोन पानं ओकतो. मी अगदी हाच ॲडाप्टर लिहिलाय म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (तिथल्या औद्योगिक वसाहतीत) वीज मीटरच्या रीडिंगचं सॉफ्टवेअर लिहितो, मीटर दर 15 मिनिटांनी रीडिंग देतो म्हणजे दिवसाची 96, आणि आम्हाला तासाचं एकच हवं असतं, म्हणजे दर चौथं.

आधी एक, कंपायलर सी++23 मोडमध्ये चालत असेल तर ठरावीक उड्या मारणारा स्ट्राइड नावाचा व्ह्यू (डेटाची कॉपी न करता त्यावरून फिरू देणारी रेंज) तयार मिळतो, तोच वापरा. सी++20 मध्ये तो नाहीये. पण शिकण्यासाठी स्वतः लिहायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

तुम्ही पाइपच्या मागे लागलाय, पण पाइप सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम आहे. खरं काम इटरेटरचं, म्हणजे एका एलिमेंटवरून पुढच्यावर नेणाऱ्या भागाचं. फॉर लूपला फक्त स्टार, प्लस प्लस आणि नॉट इक्वल एवढंच लागतं म्हणून तो चालतो, ट्रान्सफॉर्म मात्र आत येण्याआधी विचारतो की ही खरंच इनपुट रेंज आहे का, आणि तिथे आपण अडकतो. माझं काय राहिलं होतं सांगतो: डिफरन्स टाइप (दोन इटरेटरमधलं अंतर मोजायचा टाइप) लिहिलाच नव्हता, पोस्ट इन्क्रिमेंट (नावानंतर लिहायचा प्लस प्लस) नव्हता, आणि स्टार ऑपरेटरला कॉन्स्ट (याने ऑब्जेक्ट बदलत नाही ही खूण) लावलं नव्हतं. हे तिसरं फार छळतं कारण कोड वाचताना काहीच चुकीचं दिसत नाही. म्हणून इटरेटर लिहून झाला की लगेच त्याच्याखाली स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाच होणारी तपासणी) टाका, इनपुट इटरेटर आहे का, नाही म्हणाला तर तोच कन्सेप्ट (टाइपने पाळायच्या अटींचा गट) फोडून विचारा, वीकली इन्क्रिमेंटेबल आहे का (पुढे सरकतो का), इनडायरेक्टली रीडेबल आहे का (स्टारने वाचता येतो का), शेवटचा सेंटिनेल (रेंज संपल्याची खूण) त्याला चालतो का. प्रत्येक असर्टची एरर चार ओळींची येते आणि नेमकं काय राहिलंय ते कळतं.

आता उडी कशी मारायची ते. माझ्या पहिल्या व्हर्जनमध्ये प्लस प्लसमध्ये सरळ करंट (सध्याची जागा) प्लस इक्वल चार होतं आणि करंट एंडच्या बरोबरीला आला की थांबायचं. 96 रीडिंगला हे बरोबर बसतं, 92 नंतर 96, तोच एंड. कित्येक महिने काही झालं नाही. मग उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या पतंगांच्या) रात्री एका साइटवर तारेत मांजा अडकून साडेअकराला लाईट गेली ती बारानंतर आली, त्या दिवसाची 94 च रीडिंग. 92 वरून उडी मारली ती थेट 96 वर, एंड 94 वर मागेच राहिला, बरोबरी कधी झालीच नाही आणि लूप व्हेक्टरच्या (रीडिंग ठेवलेल्या यादीच्या) बाहेरची मेमरी वाचत सुटला. रिपोर्टमध्ये एका छोट्या कारखान्याचे भलतेच युनिट बघून तिथल्या मालकांनी घाबरून फोन केला होता, तो आवाज अजून लक्षात आहे.

म्हणून इटरेटरमध्ये करंटसोबत एंडही ठेवा आणि उडी रेंजेसच्या ॲडव्हान्सनेच मारा, त्याला तिसरा आर्ग्युमेंट एंड द्यायचा, मग तो एंडच्या पुढे जातच नाही. उलट दिशेनेही फिरायचं असेल तर शेवटच्या उडीत किती पावलं कमी पडली तेही साठवावं लागतं, नाहीतर 94 च्या एंडवरून चार मागे गेलं की 92 ऐवजी 90 वर जाल. तोच ॲडव्हान्स ही उरलेली पावलं रिटर्न करतो, फेकू नका. आणि उडी शून्य दिली तर लूप जागचा हलणारच नाही, कन्स्ट्रक्टरमध्येच असर्ट टाका.

व्ह्यूचा क्लास त्यामानाने सोपा. व्ह्यू इंटरफेसमधून इनहेरिट करायचं आणि टेम्प्लेट आर्ग्युमेंट म्हणून स्वतःचंच नाव द्यायचं, एम्प्टी आणि फ्रंटसारखी फंक्शनं इटरेटर पुरेसा असेल तर फुकट मिळतात. डिडक्शन गाइड (टेम्प्लेटचा टाइप कसा ठरवायचा हे कंपायलरला सांगणारी ओळ) मात्र विसरू नका, त्यात व्ह्यूजचा ऑल टी (कुठल्याही रेंजला योग्य व्ह्यूचा टाइप देणारा) वापरायचा. तो नसेल तर व्हेक्टर दिला की टेम्प्लेट त्यालाच व्ह्यू समजायला जातो, व्हेक्टर व्ह्यू नाहीये, परत दोन पानं. ऑल टी असला की नाव असलेल्या व्हेक्टरचा रेफ व्ह्यू (मूळ व्हेक्टरकडे फक्त बोट दाखवणारा) होतो आणि टेम्पररी (नाव नसलेला, तात्पुरता) असेल तर ओनिंग व्ह्यू त्याला आत मूव्ह करून घेतो. हा ओनिंग व्ह्यू सी++20 मध्ये नंतरच्या दुरुस्तीने आलाय, त्यामुळे जुन्या कंपायलरवर टेम्पररी दिलेलं चालणार नाही.

कॉन्स्ट बिगिन (कॉन्स्ट व्ह्यूवरही चालणारं, सुरुवात देणारं फंक्शन) सरसकट देऊ नका. तुमच्या आधी फिल्टर (अटीत बसणारेच एलिमेंट देणारा ॲडाप्टर) असेल तर तो पहिलं बिगिन शोधून कॅश करतो, म्हणजे स्वतःत साठवतो, म्हणून त्याला कॉन्स्ट बिगिन नसतो, मग तुमचाही कंपाइल होणार नाही. आतला व्ह्यू कॉन्स्ट असतानाही रेंज असेल तरच, अशी रिक्वायर्सची अट घाला.

मग पाइप. एक छोटा स्ट्रक्ट, आत फक्त चार हा आकडा, कॉल ऑपरेटर जो रेंज फॉरवर्ड करून व्ह्यू बनवून देतो. सी++23 असेल तर त्याला रेंज ॲडाप्टर क्लोजरमधून इनहेरिट करा, झालं. सी++20 मध्ये पाइपचा ऑपरेटर फ्रेंड म्हणून स्वतः लिहावा लागतो, व्हेक्टरला जोडायला तो पुरतो, पण दोन ॲडाप्टर आधी एकमेकांना जोडून ठेवायचे म्हटलं तर तेवढ्याने होत नाही.

सगळं झालं की उडी चार ठेवून 0, 1, 4, 5, 94 आणि 96 लांबीचे व्हेक्टर चालवून बघा, अनुक्रमे 0, 1, 1, 2, 24 आणि 24 एलिमेंट यायला हवेत. कुठला असर्ट पडतोय ते कमेंटमध्ये टाकलंत तर संध्याकाळी घरी गेल्यावर बघतो.