न्यू जर्सीचं लायसन्स, व्हर्जिनियाचं तिकीट: पॉइंट येतात का?

तुमचा प्रश्न असा: लायसन्स न्यू जर्सीचं, व्हर्जिनियात ताशी ७० मैलांच्या झोनमध्ये ९१ला पकडलं, तर पॉइंट (लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण) किती आणि इन्शुरन्स वाढेल का.

पॉइंटचं उत्तर एका ओळीत संपतं. दुसऱ्या राज्यातल्या मूव्हिंग व्हायोलेशनला (गाडी चालवताना मोडलेल्या नियमाला) न्यू जर्सी सरसकट २ पॉइंट लावतं. हीच स्पीड जर्सीत मारली असती तर ४ लागले असते. आता यावर "बघा, स्वस्तात सुटलात, भरून टाका" म्हणणारे तुम्हाला मंडळाच्या प्रत्येक ग्रुपवर भेटतील, आणि माझं डोकं तिथेच फिरतं. भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. शिवाय तुमचं हे तिकीट ऑनलाइन भरताच येत नाही.

कागदावरचं कलम वाचा. ४६.२-८६२ असेल तर तो रेकलेस ड्रायव्हिंगचा, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवल्याचा आरोप आहे. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल जास्त किंवा ताशी ८५च्या वर गेलात की हे कलम लागतं. तुम्ही दोन्हीत बसता. हा क्लास १ मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी मामला: कमाल १२ महिने कैद, २,५०० डॉलर दंड. शिक्षा झाली तर तिथल्या ड्रायव्हिंग रेकॉर्डवर तो ११ वर्षं राहतो. पोलिसाने घेतलेली सही फक्त तारखेला हजर राहण्याची आहे, कबुलीची नाही.

इन्शुरन्सवाले जर्सीचे २ पॉइंट मोजत बसत नाहीत. ते रिन्यूअलला रेकॉर्ड मागवतात आणि शिक्षा कशाबद्दल झाली ते पाहतात. साधं स्पीडिंग आणि रेकलेस यांत प्रीमियमचा फरक मोठा असतो. म्हणून भांडायचं ते पॉइंटसाठी नव्हे, कलम बदलून घेण्यासाठी.

तारखेआधी त्याच काउंटीच्या कोर्टात रोज उभा राहणारा वकील गाठा. जर्सीतल्या एडिसनचा ओळखीचा वकील इथे कामाचा नाही. स्पीडोमीटर कॅलिब्रेट करून, म्हणजे काटा बरोबर दाखवतो का ते तपासून, लेखी सर्टिफिकेट घ्या. रडारचा आकडा त्याने खोटा ठरत नाही, पण खरी ९१ असताना काटा ८४ दाखवत होता असं निघालं, तर जज ऐकतो. व्हर्जिनियाचा ८ तासांचा ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंट कोर्स करून सर्टिफिकेट सोबत न्या. वकील मग आरोप साध्या स्पीडिंगवर किंवा 'इम्प्रॉपर ड्रायव्हिंग'वर आणायला बघतो. तो फौजदारी गुन्हा नव्हे, दंड कमाल ५०० डॉलर. हमी कुणीच देत नाही, देणारा वकील टाळा. निकाल विरुद्ध गेला तर १० दिवसांत सर्किट कोर्टात अपील करता येतं आणि खटला नव्याने चालतो.

जर्सीचा डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग कोर्स वेगळा. त्याने २ पॉइंट उतरतात, पण कोर्स पूर्ण होताना ते रेकॉर्डवर असतील तरच. घाईने आधी केलात तर पॉइंट उतरणार नाहीत, आणि ही सूट ५ वर्षांत एकदाच मिळते. इन्शुरन्सची ३ वर्षांची सवलत तेवढी मिळेल. म्हणून पॉइंट लागल्यावरच करा. तीन वर्षांत ६ पॉइंट झाले तर जर्सीचा सरचार्ज (जादा आकार) १५० डॉलरपासून सुरू होतो, तोही वेगळा.

"दुसऱ्या राज्याचं आहे, सोडून द्या" हा सल्ला तर त्याहून वाईट. तारखेला गेला नाहीत तर तुमच्या गैरहजेरीत निकाल लागू शकतो किंवा वॉरंट निघू शकतं.

हे सगळं जर्सीपुरतं. न्यू यॉर्कचं लायसन्स असतं तर दुसऱ्या राज्याच्या स्पीडिंगचे पॉइंट लागले नसते. ऑन्टॅरिओ आणि क्वेबेकचे मात्र लागतात. आणि एच-१बीवर असाल किंवा ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल, तर काहीही कबूल करण्याआधी इमिग्रेशन वकिलालाही हा कागद दाखवा. ट्रॅफिकचा वकील ती बाजू बघत नाही.