पाय लोंबकळत होते

"मॅडम, गणपतीत नणंदेकडे भर पंगतीत यानं तोंडातली भाजी काढून ताटात ठेवली. सगळे माझ्याकडेच बघत होते." साडेचार वर्षांच्या मुलाची आई, डोंबिवलीची. जेवताना तो दहादा उठतो, पोळी दोन्ही हातांनी ओढतो, कार्टून लावलं तरच बसतो. याला जेवायची शिस्त लावायची कशी?

मी एका रात्रीच्या जेवणाचं शूटिंग करून आणायला सांगितलं आणि बघताना सूचना मोजल्या. २० मिनिटांत ३१! 'नीट बस', 'सांडू नकोस', 'मचमच करू नकोस', 'डावा हात खाली'. बाबांचा फोन ताटाशेजारी. घड्याळात साडेनऊ, कारण बाबांची लोकल उशिरा येते. आणि पोराचे पाय मोठ्यांच्या खुर्चीवरून लोंबकळत होते. असं अधांतरी बसून आपण तरी किती वेळ जेवू?

आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी मुलं गप बसायची." खरंच बसायची. पण जमिनीवर, मांडी घालून, आणि मुलांची पंगत दिवेलागणीलाच उठायची. आजींना पटलं, जरा घुश्शातच.

मग पायाखाली आजींचाच जुना पाट आला. जेवण साडेसातला, आजीबरोबर. बाबांबरोबर रविवारी दुपारी, फोन आतल्या खोलीत ठेवून. कार्टून बंद. या वयाला दिवसभरात तासाभराहून जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय. तो तास निदान जेवणात तरी घालवू नये. भाजी चमचाभरच वाढायची आणि 'नको' म्हणाला तर आग्रह नाही. (आग्रह हे आपलं जुनं दुखणं. 'नको' ऐकलंच जात नाही म्हटल्यावर पोर थुंकणारच.) नियम मात्र एकच: बसून जेवायचं, उठलास की जेवण संपलं.

दुसऱ्याच दिवशी तो तीन घासांवर उठला. आईनं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच रडल्या. पंधरवड्यात उठणं एकदोनदावर आलं. थुंकणं जवळजवळ थांबलं.

डाव्या हाताचं मी मुद्दाम सोडून द्यायला सांगितलं होतं. एका हातानं पोळी तोडायला बोटांत जोर लागतो, तो इतक्यात कुठून येणार? आता आजी पोळीचे चार तुकडे करून वाढतात. शेवटचा तुकडा तो एका हातानं तोडून बघतो, नाही जमलं की डावा हात हळूच वर येतो. आजी तेव्हा आमटी ढवळायला वळतात.