पुण्याहून कोकणात बाईक ट्रिप: जीपीएस वेपॉइंट टाकून रूट कसा प्लान करायचा?

तुमचा प्रश्न मला असा कळला की तुम्ही चौघं मित्र पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर, हरिहरेश्वर, तिथून दापोली आणि येताना पोलादपूर-महाबळेश्वर-वाई करून परत येणार, रस्ते सगळे ठरवलेत, पण मॅप ऐनवेळी भलत्याच रस्त्याला घालतो, तर वेपॉइंट (म्हणजे रस्ता इथूनच जाऊ दे असं मॅपला सांगणारे वाटेतले ठिपके) टाकून हे कसं थांबवायचं आणि त्यासाठी वेगळं जीपीएस घ्यायची गरज आहे का.

आधी मुद्द्याचं सांगतो. जवळपास सगळेजण वेपॉइंट गावांवर टाकतात, मुळशी, माणगाव, म्हसळा असं, आणि त्याचा तसा काहीच उपयोग नसतो कारण त्या गावांना मॅप तुम्हाला तसाही नेणारच असतो. वेपॉइंट टाकायचा तो फाट्यावर, म्हणजे जिथे मॅपला सोयीचा वाटणारा रस्ता आणि तुम्हाला हवा असलेला रस्ता वेगळे होतात तिथे. मॅप दोन पॉइंटमधला कमी वेळाचा रस्ता शोधतो, त्याला समुद्र दिसतो का, झाडी आहे का, याच्याशी देणंघेणं नाही. त्यामुळे आधी नुसतं सुरुवात आणि शेवट टाकून मॅप काय सुचवतोय ते बघा, आणि तो जिथे तुमचा रस्ता सोडतो तेवढ्याच जागी पॉइंट टाका. असं केलं की तुमच्या अख्ख्या ट्रिपला दहा-बारा पॉइंट पुरतात.

तुमच्याच रूटमधलं उदाहरण घ्या. दिवेआगरहून श्रीवर्धनला जायला एक रस्ता बोर्लीवरून आतून आहे आणि दुसरा भरडखोल-शेखाडीवरून समुद्राला चिकटून जातो. दुसरा रस्ता सोडून पहिल्याने गेलात तर ट्रिपचा अर्धा आनंद गेला, हे मी अगदी मनापासून सांगतोय, उजव्या हाताला पाणी आणि डाव्या हाताला डोंगर असा तो रस्ता आहे. आता तुम्ही सर्चमध्ये शेखाडी टाकून जो पिन येईल तो घेतला तर तो वस्तीत कुठेतरी पडतो, मग मॅप तुम्हाला मेन रस्ता सोडून गल्लीत घालणार, तिथे नेऊन पोचलात म्हणणार आणि परत फिरवणार. त्याऐवजी सॅटेलाइट व्ह्यू लावा, रस्त्याच्या दोन्ही कडा दिसेपर्यंत झूम करा, आणि वस्ती मागे टाकून जिथे एकच डांबरी रस्ता आहे, आजूबाजूला दुसरा फाटा नाही, तिथे बरोबर डांबरावर पिन टाका. फाट्याच्या चौकात कधीच टाकू नका, तीन रस्ते एकत्र आले की पिन थोडा जरी हलला तरी चुकीच्या रस्त्याला चिकटतो. फाटा ओलांडून दोन-तीनशे मीटर पुढे टाकला की तो रस्ता पक्का झाला.

परतीच्या वाटेवर खंबाटकी घाटात हीच गोष्ट जास्त महागात पडते. वाईहून सुरूर फाट्याला हायवेला लागलात की पुण्याकडे येणारी वाहनं बोगद्यातून येतात आणि घाटातला रस्ता पुण्याहून साताऱ्याला जाणाऱ्यांसाठी, अशी वर्षानुवर्षांची रचना आहे (नवीन बोगद्यांमुळे ती बदलतेय, तेव्हा निघायच्या आठवड्यात एकदा बघून घ्या). आता नकाशात घाटाची वळणं बघून कोणी तिथे पॉइंट टाकला तर मॅप काय करेल, तुम्हाला बोगद्यातून पलीकडे खंडाळ्याला नेईल, तिथून यू टर्न मारून घाट चढवून परत सुरूरच्या बाजूला आणेल आणि मग पुन्हा बोगद्यातून काढेल. दुभाजक असलेल्या कुठल्याही हायवेला हे लक्षात ठेवा, पिन आपल्या बाजूच्या लेनवरच पाहिजे. खंबाटकीत खरं तर पॉइंट टाकायचीच गरज नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पॉइंटचे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ठेवायला हवेत. एक जिथे तुम्ही खरंच थांबणार, पेट्रोल, जेवण, मुक्काम. दुसरा फक्त रस्ता वळवण्यासाठी, ज्याला शेपिंग पॉइंट म्हणतात, तिथून नुसतं निघून जायचं. गुगल मॅप्समध्ये हा फरक नाही, त्याच्या लेखी प्रत्येक पॉइंट म्हणजे स्टॉप, नऊ-दहाच्या पुढे तो घेतही नाही, आणि कंप्युटरवर रेघ ओढून वळवलेला रस्ता फोनवर तसाच येईल याचा भरवसा नाही. म्हणून मी रूट कुर्विगर (Kurviger) या रूट प्लानरवर बनवतो, ते बाईकवाल्यांसाठीच आहे, वळणावळणाचा रस्ता मुद्दाम शोधून देतं आणि शेपिंग पॉइंट वेगळा टाकता येतो. मग त्या रूटची जीपीएक्स (GPX) फाइल काढायची आणि ती फोनवर ऑस्मअँड (OsmAnd) या मॅप ॲपमध्ये उघडायची. गुगल मी ट्रॅफिक आणि बंद रस्ते बघायला ठेवतो, टू-व्हीलर मोड लावून, कारण गाडीच्या मोडवर मुंबईच्या बाजूला जाताना तो सरळ एक्स्प्रेसवेला घालतो आणि तिथे बाईकला बंदी आहे.

जीपीएक्स फाइल चौघांना पाठवताना एक लक्षात घ्या. फाइलमध्ये तीन गोष्टी असू शकतात, वेपॉइंट म्हणजे सुटे ठिपके, रूट म्हणजे ओळीने लावलेले ठिपके ज्यांच्यामधला रस्ता प्रत्येक ॲप स्वतः नव्याने काढतं, आणि ट्रॅक म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची अख्खी रेघ जी बदलत नाही. नुसता रूट पाठवला तर चौघांच्या फोनवर चार वेगळे रस्ते निघू शकतात. म्हणून ट्रॅक आणि वेपॉइंट दोन्ही एकाच फाइलमध्ये द्या. निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांनी फाइल उघडून एकूण किलोमीटर ग्रुपवर टाकायचे, कोणाचा आकडा पाच-दहा किलोमीटरने वेगळा आला की त्याचा रस्ता कुठेतरी फुटलाय, ते घरी बसून शोधा.

गावाच्या नावावर विश्वास ठेवू नका. माणगावच्या पुढे गोरेगाव आहे आणि मुंबईतही गोरेगाव आहे, पाली म्हणाल तर एक बल्लाळेश्वराचं रायगडमधलं आणि दुसरं रत्नागिरीजवळ हायवेवरचं. कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) घ्या, दशांश चिन्हानंतर पाच आकडे, म्हणजे साधारण एक मीटरपर्यंत जागा पक्की होते, तीनच आकडे ठेवले तर शंभर मीटरचा फरक पडू शकतो. आपल्या भागात पहिला आकडा १७-१८ चा आणि दुसरा ७३-७४ च्या आसपास, किनाऱ्याला थोडा कमी, ७२.९ वगैरे. काही फाइलींमध्ये, उदाहरणार्थ गुगल अर्थच्या केएमएल (KML) फाइलमध्ये, हा क्रम उलटा असतो, आधी रेखांश मग अक्षांश, तो तसाच कॉपी केला तर पिन थेट नॉर्वेच्या वर समुद्रात पडेल.

पॉइंटला नाव देताना आधी नंबर आणि मग काय करायचं ते लिहा. "०४ डावीकडे किनारा रोड" हे हेल्मेट घालून एका नजरेत कळतं, नुसतं "शेखाडी" वाचून काही कळत नाही.

हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडला-वेश्वी फेरी आहे, बाईक चढवता येते. सेटिंगमध्ये फेरी टाळा हे चालू असेल तर ॲप तुम्हाला खाडीला वळसा घालून लांबून फिरवेल, ते आधी बंद करा आणि दोन्ही जेट्टींवर एकेक पॉइंट टाका. ॲपला शेवटची फेरी किती वाजता ते बहुतेक वेळा माहीत नसतं, ते तुम्ही हॉटेलवाल्याला फोन करून विचारा आणि ती वेळ पॉइंटच्या नावातच लिहून ठेवा. या ट्रिपचा सगळा टाइमटेबल त्या एका जेट्टीवर अवलंबून आहे, बाकी कुठे अर्धा तास उशीर झाला तर फारसं बिघडत नाही.

वेळेचा हिशोब ॲपपेक्षा सैल धरा. पुणे ते दिवेआगर ताम्हिणीवरून साधारण १६० किलोमीटर, पण चार बाईक, चहा, फोटो आणि घाट धरून पाच-साडेपाच तास ठेवा. पेट्रोल पिरंगुटलाच फुल करा. वरंधा घाटाने परत यायचा मोह झाला तर पावसाळ्यात तो दरडींमुळे बऱ्याचदा बंद ठेवतात, मॅपवर रस्ता दिसतो म्हणून जाऊ नका, भोर किंवा महाडमध्ये कोणाला तरी विचारा.

वेगळं जीपीएस नको, तुमचा फोन पुरेल. घाटात रेंज गेली तरी जीपीएस चालतं, ते सॅटेलाइटवर आहे, रेंजवर फक्त नकाशा डाउनलोड होतो, तो महाराष्ट्राचा आधीच ऑफलाइन घेऊन ठेवा. पैसे खर्च करायचेच असतील तर व्हायब्रेशन डॅम्पर (थरथर शोषून घेणारा भाग) असलेला फोनचा माउंट घ्या, जास्त पॉवरच्या बाईकच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याचा फोकस बिघडू शकतो असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय, आणि जुना एखादा फोन घरात पडलेला असेल तर तोच हँडलला लावा, चांगला फोन खिशात.