बाळंतपणानंतरचे टाके: दुखणे कोणत्या दिशेने चालले आहे?

परदेशात राहणाऱ्या आणि बाळंतपणाला १६ दिवस झालेल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. प्रसूती नॉर्मल झाली, खाली टाके पडले आणि पहिल्या आठवड्यात दुखणे बरेच उतरले. परंतु गेल्या तीन दिवसांत ठणका पुन्हा वाढला आहे, नीट बसवत नाही, पॅडला वास येतो आणि काल दोऱ्याचा एक तुकडाही पडला, असे त्या लिहितात. आई रोज व्हिडिओवर भेटते, पण हे तिला दाखवणार कसे? पतीला सांगितले, तर नेमके काय पाहायचे ते त्यांनाही कळेना. रुग्णालयाने तपासणीची तारीख सहाव्या आठवड्यातली दिली आहे. ‘तोपर्यंत थांबले तर चालेल का?’ एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

थांबू नका, आजच फोन करून जखम दाखवा, असे उत्तर त्यांना पत्र मिळाले त्याच दिवशी कळवले. परंतु हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही, म्हणून येथे जरा सविस्तर लिहीत आहे.

टाके किती दुखतात यापेक्षा दुखणे कोणत्या दिशेने चालले आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. एखादीला दहाव्या दिवशीही बसताना चांगलेच दुखते, पण आठव्या दिवसापेक्षा कमी दुखते. तिची जखम बहुधा ठीक भरत असते. दुसरीचे दुखणे पाचव्या दिवशी जवळजवळ थांबलेले असते आणि बाराव्या दिवशी पुन्हा सुरू होते. ते सौम्य असले तरी तिने जखम दाखवायला हवी. भरत आलेली जखम विनाकारण उलटी फिरत नाही. सहाव्या आठवड्याची तपासणी ही सर्व सुरळीत चालले आहे असे गृहीत धरून ठेवलेली असते, आणि तिच्या आधी यायचे नाही असा तिचा अर्थ कोणत्याच देशात होत नाही.

आता टाक्यांविषयी. पहिल्यांदाच योनिमार्गे प्रसूत होणाऱ्या १० पैकी ९ स्त्रियांपर्यंत कमीअधिक फाटतेच, त्यामुळे आपल्यालाच हे का झाले असे वाटून घेण्याचे कारण नाही. केवळ त्वचेपुरते फाटले तर ती पहिली श्रेणी. योनी आणि गुदद्वार यांच्या मधले स्नायूही फाटले तर दुसरी, आणि डॉक्टरांनी मुद्दाम दिलेला छेदही साधारण याच खोलीचा असतो. गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूपर्यंत इजा गेली तर तिसरी श्रेणी आणि आतील अस्तरापर्यंत गेली तर चौथी. रुग्णालयातून घरी जाताना मिळालेल्या कागदावर ही श्रेणी लिहिलेली असते. तो कागद शोधून वाचावा, समजला नाही तर विचारावे, कारण फोनवर बोलताना पहिला प्रश्न त्यावरच येतो.

खालच्या टाक्यांचा दोरा आपोआप विरघळणारा असतो. दुसऱ्या आठवड्यापासून त्याचे बारीक तुकडे पॅडवर किंवा धुताना हाताला लागतात, त्यामुळे पत्रलेखिकेला घाबरवणारा तो तुकडा स्वतः निर्दोष होता. तिच्या बाबतीत काळजीची गोष्ट होती ती वाढलेल्या ठणक्याची आणि वासाची. ‘टाका पडला’ आणि ‘टाके उकलले’ यांत आपण बोलण्यात फारसा फरक करत नाही, पण शरीराच्या दृष्टीने तो मोठा आहे. पहिल्या घटनेत दोऱ्याचे काम संपलेले असते, दुसऱ्या घटनेत जखमेच्या कडा एकमेकींपासून दूर गेलेल्या असतात. दुसऱ्या श्रेणीपर्यंतच्या जखमा सर्वसाधारणपणे दोन ते चार आठवड्यांत भरतात, अधिक खोल जखमांना त्याहून जास्त वेळ लागतो.

जखम पाहण्याची लाज बाळगू नये. हात धुऊन, चांगल्या उजेडात, हातआरसा धरून दर एक-दोन दिवसांनी पाहावे. पहिल्यांदा पाहताना धक्का बसतो, कारण सूज असते आणि आपल्या ओळखीचे काहीच दिसत नाही. परंतु एकदा पाहून ठेवले की पुढचा बदल कळतो. कडा जुळलेल्या आहेत का, लाली पसरते आहे का, पिवळसर किंवा हिरवट पू दिसतो का, एखादी फट पडली आहे का, इतकेच पाहायचे. वासाचे म्हणाल तर, बाळंतपणानंतर अंगावरून जाते त्यालाही पाळीसारखा वास असतोच. नाकाला झोंबणारा, कुजका वास मात्र तसा नसतो. तो टाक्यांच्या जखमेतून येत असेल किंवा गर्भाशयातील जंतुसंसर्गामुळे. कोठून येतो हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे आणि दोन्ही प्रसंगी ते त्याच दिवशी व्हायला हवे.

टाके उकलले तर पुढे काय होते, हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ जणी दाखवायला कचरतात; पुन्हा टाके घालतील, या भीतीनेच पाय मागे राहतो. प्रत्यक्षात संसर्ग झालेली जखम तशीच घाईने शिवली तर जंतू आतच कोंडले जातात, म्हणून अनेकदा ती स्वच्छ ठेवून तळापासून वर आपोआप भरू दिली जाते. संसर्ग असेल तर प्रतिजैविके देतात. याला काही आठवडे लागतात आणि ते आठवडे कंटाळवाणे जातात, हे खरे. पण शेवटी बहुतेकींची जखम व्यवस्थित भरते. फट मोठी असेल आणि जागा स्वच्छ असेल तर पुन्हा शिवण्याचाही पर्याय असतो, आणि त्यातले काय निवडायचे यावर आपण प्रश्न विचारू शकतो. बाळाला उचलले म्हणून किंवा जिना चढले म्हणून टाके उकलले, असा दोष बाळंतिणीला देण्याची जी सवय नातेवाइकांना असते, तिला येथे फारसा आधार नाही. टाके उकलण्यामागे सर्वांत अधिक वेळा असतो तो संसर्ग. मधुमेह, रक्तक्षय आणि धूम्रपान यांमुळेही जखम भरण्याचा वेग मंदावतो.

एक अडचण मात्र पहिल्या दिवसांतच उद्भवते. प्रसूतीनंतर काही तासांत किंवा पहिल्या दिवसात खाली प्रचंड दाब जाणवू लागला, गोळीने न थांबणारे दुखणे सुरू झाले आणि एका बाजूला निळसर फुगवटा आला, तर त्वचेखाली रक्त साकळत असण्याची शक्यता असते. ‘टाके आहेत, दुखणारच’ हे उत्तर त्या वेळी स्वीकारू नये; परिचारिकेला पुन्हा बोलवावे आणि प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा.

तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीची जखम झालेल्या स्त्रियांना आणखी एक त्रास होऊ शकतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणीच बोलत नाही: वायू आवरता न येणे, शौचाची घाई होणे, कपड्याला डाग लागणे. शस्त्रक्रियेने स्नायू जोडल्यानंतर वर्षभराने १०० पैकी ६० ते ८० स्त्रियांना कोणताही त्रास उरलेला नसतो, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. उरलेल्या स्त्रियांसाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे फिजिओथेरपिस्ट आणि विशेष दवाखाने असतात. परंतु तेथे जाण्याची चिठ्ठी मिळण्यासाठी हे शब्द उच्चारावे लागतात, आणि नेमके तेच घडत नाही. ‘थोडा त्रास होतो’ एवढ्यावरून समोरच्या डॉक्टरांना काहीही कळत नाही.

सिझेरियनच्या टाक्यांचे गणित थोडे वेगळे आहे. बाहेरचे टाके किंवा पिना न विरघळणाऱ्या असतील तर त्या साधारण आठवड्याभरात काढतात. कोणत्या प्रकारचे टाके आहेत, ते घरी निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. व्रणाभोवतीची बधिरता आणि खाज अनेक महिने राहू शकते, ती चिंतेची बाब नव्हे. व्रणाच्या एखाद्या टोकाला टणक, गरम, लाल सूज येणे, तेथून पू किंवा पाणी झिरपणे, कडा उघडणे, ही मात्र दाखवण्याची लक्षणे आहेत. पोटाची घडी व्रणावर येत असेल तर ती जागा दमट राहते आणि संसर्ग तेथेच होतो, म्हणून आंघोळीनंतर घडी उचलून मऊ कापडाने टिपून कोरडी करावी आणि कमरेचा पट्टा व्रणावर रुतणार नाही असे कपडे घालावेत.

काही तक्रारी उशिरा सुरू होतात. दोन-अडीच महिन्यांनंतरही टाक्यांच्या जागी एखादा लालभडक, ओलसर, हात लागताच रक्त येणारा बिंदू राहिला असेल, तर तो भरून येताना प्रमाणाबाहेर वाढलेला मांसांकुर असू शकतो. दवाखान्यात सिल्व्हर नायट्रेट हे रसायन लावून त्याचा बंदोबस्त बहुधा काही मिनिटांत होतो. जखम पूर्ण भरूनही शरीरसंबंध दुखत असतील तर त्याचे कारण नेहमीच टाके असते असे नाही. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असते, त्यामुळे योनीत कोरडेपणा येतो. वंगण देणारे जेल किंवा डॉक्टरांनी सांगितलेले इस्ट्रोजेनचे क्रीम यांनी त्यात फरक पडतो. व्रण ताठर झाला असेल तर जखम पूर्ण भरल्याची खात्री करून घेऊन हलक्या हाताने त्याला मालिश करण्याची पद्धत फिजिओथेरपिस्ट शिकवतात. सहाव्या आठवड्यात परवानगी मिळाली म्हणून त्याच आठवड्यात शरीरसंबंध सुरू करावेत, असे कोणतेही बंधन नाही. पतींनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावे.

रोजच्या काळजीत करण्यासारखे थोडेच असते आणि टाळण्यासारखे पुष्कळ. साध्या पाण्याने धुणे, पुढून मागे टिपणे, पॅड भरण्याची वाट न पाहता दर काही तासांनी बदलणे आणि बदलण्याच्या आधी व नंतर हात धुणे, एवढे पुरते. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात तेथील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले होते. म्हणून हात धुण्याचा हा सल्ला साधा वाटला तरी क्षुल्लक मानू नये. लघवीच्या वेळी आग होत असेल तर त्याच वेळी वरून कोमट पाणी सोडत राहावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरल्यास सूज उतरते. शौचाला जोर लागू नये म्हणून पाणी भरपूर प्यावे, तंतुमय आहार घ्यावा, पायांखाली लहान स्टूल घ्यावे आणि पुढून टाक्यांवर स्वच्छ पॅडचा हलका आधार द्यावा. गरज पडली तर डॉक्टरांना विचारून शौच मऊ करणारे औषध घ्यावे. फोनवरून सुचवली जाणारी पावडर, तेल, लेप किंवा पाण्यात टाकायचे जंतुनाशक यांपैकी काहीही उघड्या जखमेवर लावू नये. हे सुचवणाऱ्यांची माया खरी असते, पण त्यांनी ती जखम पाहिलेली नसते.

औषधांच्या बाबतीत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अंगावर पाजतानाही बहुतेकींना चालतात. मात्र आयबुप्रोफेन जठराचा अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये. कोडीन हे वेदनाशामक असलेली गोळी टाळावी, कारण शरीरात त्याचे मॉर्फिन होते आणि ते दुधातून बाळापर्यंत पोहोचते. मायदेशातून सामानात आणलेल्या प्रतिजैविकांची उरलेली पट्टी आपल्या मनाने सुरू करणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. डॉक्टरांनी दिलेली बहुतेक प्रतिजैविके घेताना पाजणे थांबवावे लागत नाही, फक्त आपण पाजत आहोत हे त्यांना सांगितलेले असावे.

फोन कोणाला करायचा, हे देशागणिक बदलते. जर्मनीत सुईण बाळंतपणानंतर १२ आठवड्यांपर्यंत घरी येऊ शकते आणि तो खर्च सार्वजनिक आरोग्यविमा उचलतो. नेदरलँड्समध्ये पहिला आठवडाभर बाळंतिणीची काळजी घेणारी प्रशिक्षित मदतनीस घरी असते, तिला जखम पाहायला सांगावे. ब्रिटनमध्ये सुरुवातीचे किमान दहा दिवस सुईणीकडे आणि पुढे जीपीकडे, म्हणजे आपल्या कुटुंबाच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, जावे. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ पासून पहिल्या तीन आठवड्यांत बाळंतिणीशी संपर्क व्हावा असे म्हटले आहे, तरी तसा फोन आला नाही तर आपणच करावा. फोनवर प्रास्ताविक नको: प्रसूतीला किती दिवस झाले, टाके कोणत्या श्रेणीचे, केव्हापासून वाढले, वास, पू, ताप आहे की नाही, हे कागदावर लिहून वाचून दाखवावे. भाषा अडत असेल तर दुभाषी मागावा आणि संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टर मागाव्यात. दोन्ही मागण्या तेथे नित्याच्या आहेत. पतीने दुभाष्याचे काम करावे, अशी वेळ शक्यतो येऊ देऊ नये, कारण पत्नी त्यांच्यासमोर अर्धे सांगते आणि उरलेल्या अर्ध्यातले निम्मे ते गाळतात.

घरातल्या इतरांनी मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, हुडहुडी, छातीत धडधड, जलद श्वास, पोटात तीव्र वेदना, लघवी कमी होणे किंवा बोलण्यात असंबद्धपणा यांपैकी काही दिसले, तर संसर्ग रक्तात पसरत असण्याची शक्यता धरून तातडीच्या क्रमांकावर फोन करावा: युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका आणि कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००. अशा अवस्थेतली बाळंतीण ‘मी ठीक आहे, झोपू द्या’ असेच म्हणते. तिच्या संमतीची वाट न पाहता तो फोन घरच्यांनी करावा.