अडकित्त्याला 'अडकणे' चिकटवू नका

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला रामबागेतलं जुनं घर आवरताना आजीच्या पेटीत दोन हत्यारं निघाली. एक पितळी, मोराच्या आकाराचं, कात्रीसारखं उघडतं पण कागद कापत नाही. बर्तन बाजारात दाखवलं तर दुकानदार म्हणे, "पुरानी कैंची है, किलो के भाव दे दो." दुसऱ्याच्या टोकाला दातेरी चाक. हे काय आहे, आणि पहिला अडकित्ता असेल तर सुपारी अडकते म्हणून अडकित्ता का?

आधी किलोच्या भावात देऊ नका. अडकित्ताच आहे तो. खिळा बघा ना, कात्रीचा मधे असतो, याचा एका टोकाला, आणि धार फक्त वरच्या पात्याला, खाली नुसता सुपारी टेकवायला ठोकळा. शाळेत दुसऱ्या प्रकारची तरफ म्हणून पाठ केलेलं तेच हे, परत सांगत नाही. आमची आई रोठा सुपारी पार खिळ्याशी नेऊन कटकन फोडायची, तिथे जोर कमी लागतो, मग खांडं पुढे घेऊन पातळ कातरायची, दोन्ही आवाज वेगळे, बाहेरच्या खोलीत कळायचं आता कातरण चाललंय.

आता ते 'अडकणे'. कान किटले हो हे ऐकून! अडकतं म्हणून अडकित्ता, तर मग खिट्टीलाही म्हणा आणि राजवाड्याच्या ट्रॅफिकलाही म्हणा. शब्द दक्षिणेचा आहे. कन्नडमध्ये सुपारी म्हणजे अडके, कत्तरी म्हणजे कात्री, आणि सुपारी कातरायची ती अडकत्तरी. तेलुगूत अडकत्तेर. आणि गंमत बघा, आपण कोंडीत सापडलेल्या माणसाला अडकित्त्यातली सुपारी म्हणतो, तेलुगू माणूसही 'अडकत्तेरलो पोकचेक्क' म्हणतो, म्हणजे हुबेहूब तेच.

पण मला खरा आनंद पुढच्या गोष्टीचा आहे. मल्याळममध्ये हीच अडके होते अडक्का, ती पोर्तुगीजांनी उचलली आणि केली अरेका, तिथून इंग्रजीत, आणि 1753 मध्ये लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने सुपारीच्या झाडाचं शास्त्रीय नावच 'अरेका कटेचू' करून टाकलं. म्हणजे हल्ली प्रत्येक हॉलमध्ये कुंडीत उभा असतो तो अरेका पाम (ते सुपारीचं झाड नव्हे, नुसतं नाव लागलंय) आणि तुमच्या आजीच्या पेटीतला मोर, हे नावाने भाऊबंद! नर्सरीवाल्याला सांगून बघितलं, त्याने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

ग्वाल्हेरचे एक निवृत्त संस्कृतचे प्राध्यापक, माझे जुने स्नेही, मला दरवेळी ऐकवतात की मागचा भाग कत्तरी नाहीच, तो कत्ती म्हणजे सुरी, कारण धार एकाच पात्याला. अहो सर, कन्नड आणि तेलुगू दोन्ही शेजाऱ्यांकडे कात्री धडधडीत दिसतेय आणि आपण खुर्चीत बसून पाती मोजताय! नाव ठेवणाऱ्याने तरफेचे प्रकार पाठ केले नव्हते, दोन दांड्या उघडमीट करताना दिसल्या, म्हणाला कात्री. मराठीत शेवटची 'री' गळली, एवढंच.

माझी थिअरी विचाराल तर, झाड कोकणात होतंच, म्हणून त्याला पोफळ हे संस्कृत पूगफलावरून आलेलं नाव राहिलं, पण हत्यार आलं घाटापलीकडून, घडवणाऱ्या लोहाराच्या तोंडचं नाव घेऊन. हत्यारं अशीच येतात, नावासकट. म्हणून तर इंदूरच्या मराठी घरातली नवी पिढी 'जरा सरोता दे' म्हणते तेव्हा माझं डोकं फिरतं. हिंदीत सरोता म्हणा ना, बडोद्याला गुजरातीत सूडी म्हणा, छानच शब्द आहेत, पण मराठी बोलताना अडकित्ता एवढा जड झाला का? पुण्याला केळकर संग्रहालयात जाऊन बघा, अडकित्त्यांचे काय काय नमुने आहेत.

अरे हो, ते दातेरी चाक. करंजीचं कातणं आहे ते. दिवाळीला काढा.